महारोहिणीचा फुगा : पोट न फाडता उपचार

"डॉक्टरसाहेब, एक विचारू का? हसू नका. अलीकडे रात्री निजलो की पोटात घड्याळ चालल्यासारखे वाटते."

ही २०१९ च्या सप्टेंबरातली गोष्ट. गुरुजी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी आले होते. वय एकाहत्तर. प्राथमिक शाळेतून निवृत्त. अंगकाठी सडपातळ. चाळीस वर्षे विडी ओढली आणि नातू झाला त्या दिवशी सोडली. परंतु विडीने जाताना छातीत दमा ठेवून दिला होता. दोन जिने चढले की गुरुजींना थांबावे लागे.

मी त्यांना टेबलावर निजवले आणि बेंबीच्या थोडे वर, दोन्ही बाजूंना माझे हात ठेवले. सडपातळ माणसाच्या पोटात ठोके हाताला लागतात, त्यात नवल नाही. पण येथे माझे हात नुसते वर उचलले जात नव्हते. प्रत्येक ठोक्याला ते एकमेकांपासून दूर ढकलले जात होते. आत काहीतरी फुगत होते आणि आक्रसत होते.

मला माझीच लाज वाटली. दहा वर्षे मी गुरुजींना तपासत होतो. दर वेळी मनगट धरले, छाती ऐकली, रक्तदाब मोजला, गप्पा मारल्या. पोटावर हात मात्र ठेवला नाही, कारण पोटाची तक्रार त्यांनी कधी केलीच नव्हती. आणि या आजाराची मुख्य खोड हीच आहे, की तो तक्रार करत नाही.

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. महारोहिणीला फुगा आला होता. रुंदी सहा सेंटिमीटर.

महारोहिणी आणि तिचा फुगा

हृदयातून निघणारी शुद्ध रक्ताची मुख्य वाहिनी म्हणजे महारोहिणी. हृदयातून ती वर निघते, काठीच्या मुठीसारखे वळण घेते, मग पाठीच्या कण्याला लागून छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या पातळीवर दोन पायांसाठी दुभंगते. शेतातल्या पाइपलाइनला जसे जागोजागी फाटे काढलेले असतात, तसे तिलाही फाटे आहेत. पोटात वरच्या भागी चार महत्त्वाचे फाटे निघतात. पहिला जठर, यकृत आणि प्लीहा यांच्याकडे जातो, दुसरा आतड्यांकडे, आणि उरलेले दोन उजव्या व डाव्या मूत्रपिंडाकडे. हे चार फाटे वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण पुढची सगळी कथा त्यांच्याभोवतीच फिरते.

पोटातली महारोहिणी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. वाढते वय, धूम्रपान, रक्तदाब आणि काही घराण्यांत आनुवंशिकता, यांमुळे तिची भिंत एखाद्या ठिकाणी कमकुवत होते. सायकलच्या झिजलेल्या टायरला जसा एका जागी फुगवटा येतो तसा तिला येतो. रुंदी तीन सेंटिमीटर झाली की त्याला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम म्हणतात. हा रोग बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, आणि धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

फुगा जेवढा मोठा, तेवढा त्याच्या भिंतीवरचा ताण जास्त. म्हणून लहान फुग्याला हात लावत नाहीत. फक्त ठरावीक काळाने मोजतात. साधारणपणे पुरुषांत साडेपाच आणि स्त्रियांत पाच सेंटिमीटर रुंदी झाली, फुगा झपाट्याने वाढू लागला किंवा दुखू लागला, की उपचाराचा विचार करतात. त्याआधी ऑपरेशनची घाई करून फायदा होत नाही, हे ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसून आले.

आणि फुगा फुटला तर? बहुसंख्य रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत.

एक जुनी आठवण

गुरुजींचा रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मला १९९६ सालचा एक रुग्ण आठवला. मी नुकताच या गावात दवाखाना थाटला होता. बाजारपेठेतले एक किराणा व्यापारी, वय पासष्टच्या आसपास, पोटात गोळा लागतो म्हणून आले. निदान झाले. मी त्यांना मोठ्या शहरात पाठवले. तिथल्या तज्ज्ञांनी प्रामाणिकपणे सांगितले, की फुगा मूत्रपिंडांच्या रोहिण्यांपर्यंत चढला आहे आणि यांचे हृदय एवढे मोठे ऑपरेशन सोसणार नाही. काही न केलेले बरे.

ते परत आले आणि म्हणाले, "म्हणजे आता वाट पाहायची." आठ महिन्यांनी एका पहाटे त्यांच्या कमरेत कळ आली आणि दिवस उजाडायच्या आत ते गेले. मला बोलावणे आले तेव्हा माझ्यापाशी करण्यासारखे काही नव्हते.

त्या काळी अशा रुग्णापुढे दोनच वाटा असत, मोठे ऑपरेशन किंवा काहीच नाही. गुरुजींच्या वेळी तिसरी वाट होती. ती कशी निघाली, ती कुठवर नेते आणि तिच्यावर काय सांभाळावे लागते, हे आज सांगायचे आहे.

कापडी नळीची गोष्ट

फुगलेला भाग बदलून त्या जागी नवी नळी शिवणे, हा मूळ उपचार. पॅरिसचे शल्यविशारद चार्ल्स ड्युबो यांनी १९५१ साली मृत व्यक्तीच्या रोहिणीचा तुकडा वापरून तो यशस्वी केला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९४८ च्या डिसेंबरात, थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटात असाच फुगा सापडला होता. तेव्हा नळी बदलण्याची सोय नव्हती. डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्या फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला, म्हणजे त्याभोवती कठीण आवरण तयार व्हावे. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला. तोवर ऑपरेशन शक्य झाले होते, परंतु त्यांनी त्याला नकार दिला.

पुढे अमेरिकेतील मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी आणली. पहिल्या नळ्या त्यांनी शिवणयंत्रावर स्वतः शिवल्या होत्या. आजही पोट उघडून होणाऱ्या ऑपरेशनात तशाच कापडी नळ्या वापरतात. ते ऑपरेशन चांगले आहे, टिकाऊ आहे. पण त्यासाठी पोट उघडावे लागते आणि महारोहिणीला चिमटा लावून काही वेळ खालचा रक्तपुरवठा थांबवावा लागतो.

ही कापडी नळी पोट न उघडता, रक्तवाहिनीच्या आतूनच नेऊन बसवली तर? सोव्हिएत काळात युक्रेनमधील खारकिव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ साली छातीतल्या महारोहिणीत अशी नळी बसवली. ब्यूनस आयर्सचे डॉ. हुआन पारोदी यांनी ७ सप्टेंबर १९९० रोजी पोटातल्या फुग्यावर हाच उपाय केला. जांघेतल्या रोहिणीतून घडी केलेली नळी आत सरकवायची, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत फुग्यापर्यंत न्यायची आणि तिथे उलगडायची. मग रक्त नळीतून वाहते, फुग्याच्या भिंतीवरचा दाब जातो आणि पुष्कळदा फुगा हळूहळू आक्रसतो. फुगा काढून टाकत नाहीत. विहिरीत जसे सिमेंटचे कडे उतरवतात, तसे हे आतून घातलेले अस्तर आहे.

अडचण कुठे आली?

नळी जागेवर राहण्यासाठी तिच्या वरच्या टोकाला निरोगी भिंतीची पकड लागते. साध्या नळीसाठी मूत्रपिंडांच्या रोहिण्यांच्या खाली एक ते दीड सेंटिमीटर चांगली भिंत शिल्लक असावी लागते. बऱ्याच रुग्णांत ती असते. पण गुरुजींच्या सी. टी. स्कॅनमध्ये फुगा थेट मूत्रपिंडांच्या रोहिण्यांना भिडलेला दिसला. खाली पकडायला जागाच नाही. नळी वर सरकवावी तर कापड त्या रोहिण्यांच्या तोंडावर येणार आणि दोन्ही मूत्रपिंडे बंद पडणार. त्याहून वर न्यावी तर आतड्यांचा आणि यकृताचाही पुरवठा तुटणार.

अशा फुग्यांना गुंतागुंतीचे फुगे म्हणतात. काही मूत्रपिंडांपाशी थांबतात, काही चारही फाट्यांना कवेत घेतात, तर काही छातीत सुरू होऊन पोटात संपतात. या शेवटच्या प्रकाराचे उघडे ऑपरेशन म्हणजे छातीच्या बाजूपासून पोटापर्यंत छेद, एका बाजूचे फुप्फुस तेवढा वेळ बंद ठेवणे आणि तासन् तास चालणारे काम. ज्याला दोन जिने चढवत नाहीत त्याने ते कसे सोसायचे?

खिडक्यांची नळी आणि फांद्यांची नळी

उपाय मात्र एखाद्या शिंप्याला सुचावा तसा निघाला. कापडाला नेमक्या जागी भोके ठेवायची.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मायकेल लॉरेन्स-ब्राऊन, डेव्हिड हार्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कल्पनेवर काम केले. रुग्णाच्या रोहिण्या जिथून निघतात तिथेच नळीच्या कापडात गोल खिडक्या. नळी बसवली की प्रत्येक खिडकी आपापल्या रोहिणीच्या तोंडावर यावी. मग त्या खिडकीतून एक छोटी नळी मूत्रपिंडाच्या रोहिणीत सरकवायची, म्हणजे जोड पक्का होतो. सॅन फ्रान्सिस्कोचे टिमोथी च्युटर यांनी पुढचे पाऊल टाकले. जिथे फुगा फार रुंद आहे आणि नळी रोहिणीच्या तोंडापर्यंत टेकत नाही, तिथे त्यांनी खिडकीऐवजी मुख्य नळीलाच छोट्या फांद्या ठेवल्या. अशा अनेक फांद्यांच्या नळीचे त्यांचे वृत्त २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खिडक्यांच्या नळीला २०१२ साली मान्यता दिली, तर चारही फाट्यांसाठी तयार मापाच्या फांद्यांच्या नळीला जानेवारी २०२४ मध्ये.

गुरुजींना शहरातल्या तज्ज्ञांनी खिडक्यांची नळी सुचवली. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "म्हणजे सदऱ्याला काजे करतात तसे?"

मी म्हटले, "तसेच. फक्त काजे मिलिमीटरभर चुकले तर गुंडी लागत नाही."

यासाठी आधी पातळ कापांचा सी. टी. स्कॅन करतात. संगणकावर प्रत्येक रोहिणीचे तोंड किती उंचीवर आहे आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे कोणत्या दिशेला आहे, हे मोजतात. ते माप परदेशी कारखान्याला जाते आणि त्या एका रुग्णासाठी नळी शिवली जाते. नळीत पॉलिएस्टरचे कापड, त्याला धातूच्या कड्यांचा आधार आणि खिडक्यांच्या कडेला क्ष-किरणांत दिसणाऱ्या खुणा.

गुरुजींची नळी यायला अडीच महिने लागले. ते अडीच महिने त्या घराने कसे काढले, ते मी पाहिले आहे. त्यांच्या पत्नीही शिक्षिका होत्या. गाव त्यांना बाई म्हणते. बाई रात्री उठून गुरुजींच्या पोटावर हात ठेवून पाहायच्या. मला विचारायच्या, "डॉक्टर, एवढ्यात फुटला तर?" मी खोटा धीर दिला नाही. सांगितले, धोका आहे, पण घाईत चुकीचे ऑपरेशन करण्यात त्याहून जास्त आहे. रक्तदाब ताब्यात ठेवायचा, पाण्याच्या बादल्या उचलायच्या नाहीत, बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही, आणि कमरेत किंवा पोटात अचानक कळ आली तर एक मिनिटही घरी थांबायचे नाही.

एवढी वाट पाहण्याची ज्यांची स्थिती नसते, त्यांच्यासाठी अन्य मार्ग आहेत. काही तयार मापाच्या फांद्यांच्या नळ्या मिळतात. काही शल्यविशारद ऐन वेळी साध्या नळीला स्वतः मापाने भोके पाडतात. काही वेळा मुख्य नळीच्या बाजूने छोटी नळी धुराड्यासारखी वर काढून मूत्रपिंडाला रक्त पोचवतात. कोणता मार्ग घ्यायचा, हे फुग्याच्या आकारावर आणि त्या केंद्राच्या अनुभवावर ठरते.

ऑपरेशनचा दिवस

२०२० च्या जानेवारीत ऑपरेशन झाले. पुष्कळांचा समज असतो, की "दुर्बिणीतून" काही मिनिटांत होते. तसे नाही आणि येथे दुर्बीणही नसते. गुरुजींना पूर्ण भूल दिली. दोन्ही जांघांतून रोहिणीत नळ्या घातल्या. पडद्यावर पाहत मुख्य नळी वर नेली, अर्धवट उलगडली, आणि खिडक्या रोहिण्यांच्या तोंडासमोर येईपर्यंत केसाकेसाने फिरवली. मग एकेका खिडकीतून बारीक तार, तारेवरून छोटी नळी. शेवटी खालच्या बाजूला दोन पायांकडे जाणारे दोन भाग जोडले. पाच तास लागले. दुसऱ्या दिवशी गुरुजी खुर्चीत बसून चहा प्यायले आणि आठवड्याने घरी आले. जांघेत दोन लहान जखमा, एवढीच खूण.

उघड्या ऑपरेशननंतर पुन्हा पूर्ववत व्हायला पुष्कळदा दोन-तीन महिने लागतात. गुरुजी तिसऱ्या आठवड्यात देवळापर्यंत चालत जाऊ लागले.

याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. क्ष-किरणांत रोहिण्या दिसाव्यात म्हणून जे औषध टोचतात, त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. छोट्या रोहिणीत गुठळी होऊ शकते. छातीपासून पोटापर्यंतच्या लांब फुग्यात आणखी एक भीती असते. महारोहिणीतून मागच्या बाजूला पाठीच्या मज्जारज्जूकडे बारीक फाटे जातात आणि लांब नळीने ते झाकले जातात. त्यामुळे दोन्ही पाय लुळे पडण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी तज्ज्ञ काम दोन टप्प्यांत करतात, म्हणजे मधल्या काळात मज्जारज्जूला दुसऱ्या वाटांनी रक्त मिळू लागते. रक्तदाब खाली जाऊ देत नाहीत आणि गरज पडल्यास पाठीतून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढून दाब कमी करतात. हा धोका उघड्या ऑपरेशनातही असतो. नातेवाइकांनी सही करण्यापूर्वी याविषयी स्पष्ट विचारावे.

छोटी जखम, लांब जबाबदारी

आता या लेखाचा खरा मुद्दा.

महिन्याभराने गुरुजींचा सी. टी. स्कॅन झाला. सर्व ठीक. पुढची तपासणी काही महिन्यांनी ठरली होती. तेवढ्यात मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. रस्ते सुरू झाले, पण गुरुजी तपासणीला गेले नाहीत. मुलाने पुण्याहून फोन केला की म्हणत, "मला काही होत नाही. उगाच पैसे कशाला घालवतोस?" बाईंनी विषय काढला की वर्तमानपत्र उघडत. आणि खरे सांगतो, मीही जोर केला नाही. पोटावर व्रण नाही, माणूस रोज फिरायला जातो, मलाही वाटले, बरे चालले आहे.

२०२२ च्या जूनमध्ये गुरुजी खोकल्यासाठी आले. या वेळी मी पोटावर हात ठेवला. ते घड्याळ पुन्हा चालू झाले होते.

सी. टी. स्कॅनमध्ये दिसले, की डाव्या मूत्रपिंडाकडे जाणारी छोटी नळी आपल्या खिडकीतून किंचित निसटली होती. त्या फटीतून रक्त पुन्हा फुग्यात शिरत होते. फुगा मूळ मापापेक्षाही मोठा झाला होता. बाहेरून काहीही कळत नव्हते. दुखत नव्हते, ताप नव्हता. आणखी सहा महिने गेले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

सुदैवाने दुरुस्ती आतूनच झाली. त्याच खिडकीतून जुन्या छोट्या नळीच्या आत दुसरी बसवली. तीन दिवसांत गुरुजी घरी आले. पण त्या तीन दिवसांत बाई माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचे बरोबर होते. गुरुजी शिक्षक होते, पण वैद्यकाच्या शाळेत ते विद्यार्थी आणि मी मास्तर. हजेरी मी घ्यायला हवी होती.

ही एकट्या गुरुजींची गोष्ट नाही. साध्या फुग्यांवर ब्रिटनमध्ये एक मोठी तुलना झाली. अर्ध्या रुग्णांचे पोट उघडून ऑपरेशन केले, अर्ध्यांत जांघेतून नळी घातली. २००४ च्या निष्कर्षात पहिल्या महिन्यातले मृत्यू उघड्या ऑपरेशननंतर शेकडा ४.७, तर नळीनंतर शेकडा १.७ होते. म्हणजे सुरुवातीला नळीचा फायदा उघड आहे. परंतु त्याच रुग्णांवर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवल्यावर २०१६ मध्ये दिसले, की आठ वर्षांनंतर चित्र उलटते. नळी घातलेल्यांत फुगा नंतर फुटून होणारे मृत्यू जास्त आढळले. खिडक्यांच्या आणि फांद्यांच्या नळीत तर जोड आणखी जास्त असतात. जेवढे जोड, तेवढ्या गळतीच्या जागा. शेतातली पाइपलाइन वापरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

म्हणून निवड करताना "कापायचे की नाही" एवढाच प्रश्न विचारू नये. रुग्ण साठीच्या आतला आहे, हृदय-फुप्फुसे धडधाकट आहेत, तर उघडे ऑपरेशन आजही पुष्कळदा चांगले. मार्फान सिंड्रोमसारख्या जन्मजात दोषामुळे ज्यांच्या रोहिण्यांची भिंतच कच्ची असते, त्यांच्याबाबतही तज्ज्ञ शक्यतो उघडेच ऑपरेशन पसंत करतात. रुग्ण वयस्क आहे, दमा आहे, हृदय थकलेले आहे, तर आतली नळी. पण मग दर वर्षी तपासणीला जाण्याची तयारी हवी, आयुष्यभर. ही तयारी नसेल तर तो उपचार अर्धाच झाला असे समजावे. खर्चही लाखांत जातो. नळी, शस्त्रक्रिया आणि पुढच्या तपासण्या, तिन्हींचा हिशेब आधीच विचारून घ्यावा. आणि हे काम जिथे नियमित होते अशाच केंद्रात जावे. "वर्षाला अशी किती ऑपरेशने करता?" असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

वाचकांनी काय करावे?

ज्या पुरुषांनी वयाची पासष्टी गाठली आहे आणि आयुष्यात कधीही विडी-सिगारेट ओढली आहे, त्यांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून महारोहिणीची रुंदी मोजून घ्यावी. ब्रिटनमध्ये पासष्टाव्या वर्षी सर्व पुरुषांना सरकारी खर्चाने या तपासणीला बोलावतात. आपल्याकडे तसे बोलावणे येत नाही, तेव्हा आपणच जायचे. सोनोग्राफी तालुक्याच्या गावीही होते, दुखत नाही आणि तिला काही मिनिटे पुरतात. सोनोग्राफी दुसऱ्या कारणासाठी होत असेल तरी "महारोहिणी मोजा" असे आवर्जून सांगावे.

वडील किंवा भाऊ यांना फुगा असेल तर ही तपासणी आणखी महत्त्वाची. घरातल्या बहिणींनीही डॉक्टरांना विचारावे.

फुगा लहान निघाला तर घाबरून जाऊ नये. विडी-सिगारेट त्याच दिवशी बंद करावी, कारण धूम्रपानाने फुगा लवकर वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने सोडू नयेत. आणखी एक गोष्ट. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातली जंतुनाशके दुकानातून परस्पर घेऊन खाण्याची आपल्याकडे सवय आहे. फुगा असलेल्यांनी, किंवा ज्यांना तो होण्याचा धोका आहे अशांनी, दुसरा पर्याय असताना ही औषधे घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. आपल्याला फुगा आहे, हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगावे.

आणि साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्यासारखी कळ आली, कंबर किंवा पोट अचानक फाटल्यासारखे दुखू लागले, घाम फुटून चक्कर आली, तर ओवा-हिंग, शेक, मालीश यात वेळ घालवू नये. सी. टी. स्कॅन आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे आणि "महारोहिणीचा फुगा तर नाही ना?" हे स्वतः विचारावे.

आज गुरुजी पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या धाकट्या भावाला मी आग्रहाने सोनोग्राफीला पाठवले. त्यांची महारोहिणी ४.३ सेंटिमीटर निघाली. ऑपरेशनची गरज नाही, पण ठरावीक मुदतीने मोजायचे आहे, आणि सिगारेट सुटली आहे. दोघा भावांच्या तपासणीच्या तारखा गुरुजींच्या घरी कालनिर्णयवर लाल पेन्सिलीने गोल करून ठेवल्या आहेत. ते काम बाईंनी स्वतःकडे घेतले आहे. मागच्या तारखेला गुरुजी मला म्हणाले, "आम्ही निघालो. तुम्ही आपल्या वहीत हजर मांडा."

मी मांडले. आता माझ्या टेबलावर त्यासाठी एक वेगळी वही आहे.